बाईसाहेबांची पुढची चाकं

५ जानेवारी

मामा,

तीर्थरूप वगैरे लिहून सुरुवात केली तर ‘काय काम काढलंस’ असं तुम्ही पहिल्याच ओळीला विचाराल, म्हणून सरळ कामावर येते. गाडी वाजते आहे. पुढून, बहुतेक डाव्या चाकाकडून.

खरं तर फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी तुमच्या खोकल्याची चौकशी केली तर तुम्ही म्हणालात, “हो हो, सहा महिन्यांनी बदलायचं.” आईचं अंग दुखतंय म्हणून सांगितलं तर म्हणालात, “हवा तपासून घे.” तुमच्याकडचा फोन बिघडलाय हे मला तेव्हाच पटलं. म्हणून हा कागद.

तर आवाज असा. चाक खड्ड्यात गेलं की ‘खट्‌’. एकदाच होतो, पण तळपायाला लागतो. दुसरा आवाज गाडी उभी असतानाचा. स्टिअरिंग फिरवलं की खालून कुरकुर येते, गंजलेल्या बिजागरीसारखी. शिवाय गाडी स्वतःच्या मनाने जराशी डावीकडे जाते. एखाद्याचा गुडघा असा वाजला असता तर मी त्याला पलंगावर आडवं करून पाय हातात घेतला असता आणि वाकवून बघितला असता. दिवसभर घरोघरी जाऊन लोकांचे आखडलेले सांधे हलवते, त्याचे पैसे घेते, पण गाडीचा कुठला सांधा कुठे असतो ते मला कळत नाही. इथल्या तीन गॅरेजवाल्यांना विचारलं. एक म्हणाला टायर, दुसरा म्हणाला शॉकॲब्सॉर्बर, तिसरा म्हणाला रेडिओ मोठा करा.

बाकी बाईसाहेब मजेत. हॉर्न तुम्ही बसवलात तसाच आहे. परवा कोपऱ्यावर वाजवला तर दुकानदाराच्या हातून बरणी निसटली. काय करू ते कळवा. गाडीशिवाय माझं पान हलत नाही.

ठकी


१३ जानेवारी

ठके,

पत्र मिळालं. फोन बिघडलाच आहे, मी चिरंजीवांना कधीचा सांगतोय. ते ऐकत नाहीत. हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात आणि वर आपल्यालाच विचारतात की लक्ष कुठे आहे. इथे मला गाडीही चालवू देत नाहीत. मागून कुणी हॉर्न वाजवला तरी मी बाजूला होत नाही म्हणे. मी कशाला होऊ? मी माझ्या बाजूने चाललेला असतो.

आता तुझ्या आवाजाचं. पहिली गोष्ट, त्या तिघांच्या नादी लागू नकोस. उभा जन्म माझा गॅरेजमध्ये गेला. गाडी फाटकातून आत येईपर्यंत मी सांगायचो काय झालंय ते, मालकाला बोलायला काही उरायचंच नाही. लोक हत्यारं आधी उचलतात. मी आधी सगळ्यांना गप्प बसवायचो आणि ऐकायचो.

बाईसाहेबांच्या पुढच्या प्रत्येक चाकाला आत एक जाडजूड लोखंडी खुंटी आहे, तिला किंगपिन म्हणतात. वळताना चाक तिच्याभोवती फिरतं. तिला वेळच्या वेळी ग्रीस पाजावं लागतं. तू पाजलं नसशील, माझी बहीण घरातल्या झाडांना पाणी घालत नाही, तू तिचीच मुलगी. खुंटी कोरडी पडली की कुरकुरते, ढिली झाली की खट्‌ करते. डावीकडे ओढते त्याला हवा कमी असेल. घाबरायचं काही कारण नाही. ती खुंटी वर्षभर कटकट करेल पण जागा सोडणार नाही. ग्रीस भरून घे आणि खुशाल फिर.

तुझी मामी गाडीला बाईसाहेब म्हणायची, कारण तिच्या मते घरात तिच्यापेक्षा गाडीचे लाड जास्त होते. खोटं नव्हतं. मुलाकडे राहायला आलो तेव्हा मी एक सूटकेस आणि मामीचा फोटो घेऊन आलो. बाकी माझं म्हणून जे काही आहे ते तुझ्या दारात उभं आहे. म्हणून गाडी देताना एकच अट घातली होती, की मला सांगितल्याशिवाय ती विकायची नाही. तशी वेळ तू येऊ देणार नाहीस हे मला माहीत आहे, उगीच लिहिलं.

मार्चमध्ये मीच येतो. चाकाजवळ बसून स्वतः ऐकतो.

मामा


२२ जानेवारी

मामा,

तुमचं पत्र दाखवून ग्रीस भरायला गेले. गॅरेजवाला गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. मग आला तो हात झटकत. म्हणाला, ताई, ग्रीस भरायला जागाच नाही. मी त्याला तुमची ओळ पुन्हा वाचून दाखवली. तो म्हणाला, मामांना विचारा ते कुठल्या गाडीबद्दल बोलतायत. मी म्हटलं, जास्त बोलू नका. हवा भरून परत आले. हवा बरोबरच होती म्हणाला, तरी थोडी भरली, माझ्या समाधानासाठी.

खट्‌ वाढलाय. आता मागे घेताना ब्रेक मारला तरी होतो. आणि एक नवीन आवाज सुरू झालाय. डावीकडे पूर्ण वळवून निघालं की कट्‌ कट्‌ कट्‌ कट्‌. सरळ झाली की गप्प.

मार्चमध्ये यायचं मात्र मनावर घेऊ नका. घराला रंग द्यायचा आहे. सगळं सामान अंगणात असेल, तुम्हाला झोपायला जागा नाही. आणि रंगाच्या वासाने तुमचा खोकला वाढेल. एप्रिलमध्ये ऊन. मग पुढचं पुढे बघू. तुम्ही पत्रातूनच इतकं छान सांगता, प्रवासाची दगदग कशाला?

ठकी


३० जानेवारी

ठके,

ग्रीस भरायला जागा नाही म्हणणारा गॅरेजवाला एकतर आंधळा असेल नाहीतर आळशी. खुंटीवरच्या त्या निपलमध्ये मी स्वतः ग्रीस भरत आलो, मला तो डोळे मिटून सापडतो. दुसरा माणूस बघ.

मार्चचं तिकीट काढलं. रंग मला चालतो, पेट्रोलच्या वासात आयुष्य काढलेल्या माणसाला रंगाचं काय सांगतेस? अंगणात सामान असेल तर मी गाडीत झोपेन. मामी आणि मी कितीदा झोपलोय. सूनबाई म्हणते एकट्याने प्रवास नको, तिथे स्टेशनवर काय सांगतात ते तुम्हाला… असं काहीतरी पुढे बोलली, मी लक्ष दिलं नाही.

कट्‌ कट्‌ हा आवाज मला नीट लिहून पाठव. बाईसाहेबांच्या तोंडून मी तो कधी ऐकलेला नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढतो का? पाय उचलला की थांबतो का? चाकाच्या आतल्या बाजूला काही उडालंय का, तेल, ग्रीस, काहीही? बघितल्याशिवाय लिहू नकोस आणि बघितलेलं गाळू नकोस. तू लोकांचे गुडघे तपासतेस तेव्हा त्यांनी ‘दुखतं कुठेतरी’ एवढंच सांगितलं तर चालतं का तुला?

मामा


७ फेब्रुवारी

मामा,

हुकमाप्रमाणे सगळं बघितलं. मैदानात गोल गोल चकरा मारल्या, आई काच खाली करून कान बाहेर काढून बसली होती. लोक बघत होते. ॲक्सिलरेटर दाबला की कट्‌ कट्‌ वाढतो. पाय उचलला की जवळजवळ थांबतो. फक्त डावीकडे. चाकाच्या आतल्या बाजूला काळं, चिकट ग्रीस उडालंय, आणि एक रबराची घडीघडीची टोपी आहे ती फाटलीय. खट्‌ रोजचाच झालाय. काल स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी एकदम हातभर डावीकडे गेली, मग आपोआप सरळ झाली.

आणखी एक गंमत. लकवा झालेल्या एका आजींकडे जाते मी, त्यांच्या गल्लीत पाण्याचा पाइप फुटून चढावर नुसता रबरबाट झाला होता. गाडी अर्ध्यावर अडकली. पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी गरगर फिरतायत, माझ्याच काचेवर चिखल उडतोय, आणि मागची ढिम्म. शेवटी आजींचा मुलगा आणि त्याचे दोन भाडेकरू यांनी ढकलली. सगळे चिखलाने माखले. हॉर्न वाजवून आभार मानले तर तिघेही दचकून पुन्हा चिखलात.

येत्या अठरा तारखेला, रविवारी, आईला मावशीकडे नेणार आहे. डोंगरातला रस्ता आहे पण गाडी चढते छान. तोपर्यंत तुमचं उत्तर आलं तर बरं. नाही आलं तरी तुम्ही म्हणालाच आहात की खुंटी जागा सोडणार नाही, तेव्हा मी निर्धास्त आहे. तिकिटाचं खरंच बघा हो. रद्द केलं तर पैसे परत मिळतात.

ठकी


१३ फेब्रुवारी

ठके,

हे पत्र तुझ्या हाती पडायच्या आधी सूनबाईचा फोन तुला येऊन गेलेला असेल. तरी पुन्हा लिहितो. गाडी हलवू नकोस. कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही. गॅरेजवाल्याला घरी बोलाव, माझ्या बहिणीला त्या गाडीत बसवू नकोस.

बाईसाहेबांची पुढची चाकं जन्मात कधी स्वतः फिरलेली नाहीत. इंजिन त्यांची मागची चाकं फिरवतं, पुढची नुसती बरोबर येतात. चिखलात मागची गरगरली असती आणि पुढची ढिम्म राहिली असती. तुझ्याकडे नेमकं उलटं झालं. तेव्हा तुझ्या दारात जी उभी आहे ती बाईसाहेब नव्हे, कुठलीतरी छोटी, पुढून ओढणारी नवी गाडी आहे. तो कट्‌ कट्‌ त्याच गाड्यांचा रोग, रबर फाटून एक्सलच्या सांध्यात माती गेली की वाजतो. त्या बिचाऱ्या गॅरेजवाल्याला मी आंधळा म्हटलं. त्याची माफी माग.

कट्‌ कट्‌चं मला भय नाही. मी तुझी पहिली पत्रं काढून पुन्हा वाचली, या वेळी ती दुसरी गाडी डोळ्यांसमोर ठेवून. खड्ड्यातला खट्‌, उभ्या गाडीतली कुरकुर, डावीकडे ओढणं. बाईसाहेबांत ती खुंटीची कटकट. तुझ्या गाडीत खुंटीच नाही. तिथे चाकाचा सगळा भार एका वाटीत बसवलेल्या लोखंडी गोळीवर असतो. बॉल जॉइंट म्हणतात. तुझ्या भाषेत सांगायचं तर खुबा. तो झिजला की आधी हेच आवाज येतात, आणि एके दिवशी वळणावर गोळी वाटीतून निसटते आणि चाक बाहेर फाकतं. ‘खुशाल फिर’ असं मी तुला स्वतःच्या हाताने लिहिलं. मला शेंडी लावायला निघालीस आणि मी शेंडी पुढे करून बसलो.

मैत्रिणीची गाडी वाजते म्हणून लिहिलं असतंस तरी पहिल्या पत्रात बरोबर उत्तर दिलं असतं. खोटं बोलायचं तर ते तरी नीट बोलावं.

फोन सूनबाईने का केला ते विचारशील. पत्र वाचलं तसा मी उठलो आणि फोन उचलला. नंबर फिरवला. मग नुसता उभा राहिलो. पलीकडे तू बोलत असशील, आई असेल, कुणी उचललाच नसेल, मला काय कळणार? सूनबाई दारात उभी होती. मी तिला म्हटलं, “मला ऐकू येत नाही गं. तू बोल.” वर्षभर फोनवर ढकललेली गोष्ट तिथे उभ्या उभ्या सांगून टाकली. ती जराही चकित झाली नाही. तिला माहीत होतं. चिरंजीवांना माहीत होतं. दूधवाल्यालाही माहीत होतं म्हणे, तो म्हणूनच खुणा करतो. मला वाटायचं त्याला सवय आहे हातवाऱ्यांची.

फोन तुमच्याकडे कुणी घेतला नाही. ती दर तासाला लावणार आहे. मी समोर बसून तिच्या ओठांकडे बघतोय आणि हे लिहितोय.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

वहिनींचा फोन संध्याकाळी लागला. त्या म्हणाल्या, मामा सांगतायत गाडी हलवायची नाही, आणि मामा समोर रडवेले होऊन बसलेत. दुसरं वाक्य त्यांनी तुम्हाला लिहून दाखवलं नसणार.

सकाळी गॅरेजवाला घरी आला. मी आधी माफी मागितली, त्याला कशाबद्दल ते कळलं नाही पण त्याने दिली. गाडी जॅकवर चढवली, चाकाखाली पहार घालून उचललं, तर चाक खालच्या बाजूने डगडग हललं. मग बोल्ट काढायला गेला आणि ती गोळी वाटीतून सरळ त्याच्या हातात आली. जोर लावावाच लागला नाही. मी रोज खुबे बघते मामा. असा खुबा असलेल्या माणसाला मी पलंगावरून उतरू दिलं नसतं, आणि मी त्यावर आईला बसवून डोंगर चढणार होते. तिथेच पायरीवर बसले.

आता तुम्हाला जाणून घ्यायचंय ते. बाईसाहेब मी दिवाळखोर होऊन नाही विकल्या, कंटाळून विकल्या. दर आठवड्याला कुठेतरी बंद पडायच्या. मी भर रस्त्यात बॉनेट उघडून उभी, आणि तिकडे एखादे आजोबा व्यायामाला खुर्चीवर बसून माझी वाट बघत पेंगायला लागलेले. पार्ट मिळेनात. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या एका वकिलांनी घेतल्या. आता त्या ताडपत्रीखाली असतात, रविवारी पुसल्या जातात, पावसात भिजत नाहीत, कुणाच्या घरी जायची घाई नाही. त्यांचं माझ्यापेक्षा बरं चाललंय. तुम्हाला कळवायला हवं होतं. पण दर फोनवर तुम्ही आधी बाईसाहेब कशा आहेत विचारायचात, मग मी कशी आहे. अशा माणसाला कुठल्या तोंडाने कळवायचं ते तुम्हीच सांगा.

आणि रागवायचंच झालं तर मीही रागावते. महिनाभर मी रस्त्यात गाडी थांबवून खट्‌ होता की खड्‌ होता, कट्‌ होता की टक्‌ होता, ते कागदावर उतरवत होते. एका अशा माणसासाठी, जो हा आवाज ऐकायला मार्चमध्ये रेल्वेने येणार होता आणि चाकाजवळ बसून काय ऐकणार होता देव जाणे. तिकीट तरी का काढलंत?

हॉर्न मात्र मी विकला नाही. वकिलांना सांगितलं, गाडी न्या, हॉर्न मामांचा आहे. या छोटीला बसवून घेतलाय. ट्रकचा हॉर्न लावायला गॅरेजवाला तयार नव्हता. बरणीचं, चिखलाचं, सगळं खरं होतं.

दोन्ही बाजूंचे जॉइंट नवे घातले, एक्सलही केला. तुम्ही येऊ नका. रंग नाहीये, नव्हताच. तरी येऊ नका, आम्ही येतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आईला घेऊन. तुमच्या गल्लीत वळताना हॉर्न वाजवेन.

ठकी


२० मार्च

ठके,

पोचल्याचं पत्र मिळालं. माझ्या बहिणीला म्हणावं, इथून जाताना तिने माझा चष्मा पर्समध्ये टाकून नेला आहे, तो पोस्टाने पाठव.

गाडी ठीक आहे. दिसायला डबीसारखी, पण ठीक. तुम्ही वर जेवायला बसलात तेव्हा मी खाली जाऊन ती चालू करून बॉनेटवर हात ठेवला. चिरंजीवांना वाटलं मी तिला आशीर्वाद देतोय. उजव्या बाजूचं इंजिनचं रबर बसलंय, थरथर लागते हाताला. महिन्याभरात बदलून टाक. त्या गॅरेजवाल्यालाच सांग, तो बरा दिसतो.

वकिलांचा पत्ता पाठवू नकोस. मागितला होता, आता नको. ताडपत्रीखाली पुसून ठेवलेल्या बाईसाहेब बघून मी काय करू? त्या विकल्याचा राग मला आलाच होता, अजून थोडा आहे. तू एकदा विचारून घे की ग्रीस कोण पाजतं.

सूनबाईने कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मशीन लावणार आहेत. डॉक्टर म्हणाले, आधी सगळे आवाज एकदम येतील, त्रास होईल, हळूहळू कुठला कशाचा ते ओळखू येईल. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. तिकीट कशाला काढलं म्हणून तू विचारलंस आणि मी उत्तर दिलं नाही. मला वाटत होतं, चाकाजवळ जाऊन बसलो तर तो आवाज तरी येईल. इतरांचे नाही तर नाही, तिचा येईल. वेड्यासारखं वाटलं होतं खरं.

एक तुला त्या दिवशी सांगायचं राहिलं. सकाळपासून मी गॅलरीत उभा होतो. सूनबाई शेजारी कपडे वाळत घालत होती. तू गल्लीत वळलीस ते मला झाडामुळे दिसलं नाही, आणि तू हॉर्न वाजवलास तो आला नाही. काहीच आलं नाही. पण एकदम समोरच्या कठड्यावरचं मांजर उडालं, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी धाडकन लावली असणार, कारण काच हलली, आणि सूनबाईच्या हातातली ओली चादर खाली पडली आणि तिने दोन्ही कान घट्ट दाबून धरले, डोळे मिटून.

मी तिला म्हटलं, “आल्या बघ बाईसाहेब.” मला फार बरं वाटलं. पुढच्या वेळी येशील तेव्हा दोनदा वाजव.

मामा